लाल तळवे

एकदा एका बाजारगावात एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा तरुण शिष्य मुक्कामाला आले. शिष्य लिहिण्यात हुशार. त्याने एका शापित राजपुत्राची साहसकथा रचायला घेतली. सकाळी अध्याय लिहायचा आणि संध्याकाळी देवळाच्या मंडपात वाचायचा, असा नेम ठरला. राजपुत्राला शाप असा, की तो ज्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकील तिथला दिवा विझेल. मग काय, त्याला लोक वेशीवरूनच हाकलायचे.

ऐकायला येणारे रीतीप्रमाणे कुंकवाच्या ओल्या अक्षता मुठीत धरून बसत आणि अध्याय संपला की पोथीवर वाहत. त्यानंतर मात्र मंडपात कालवा सुरू होई.

"वा, भाषा काय गोड!" असं म्हणणारे पुष्कळ. "एखादा ऋषी आणा आणि सोडवा की बिचाऱ्याला," म्हणणारेही पुष्कळ.

मंडपातल्या दिव्यांना तेल देणारा एक व्यापारी होता. तो एके दिवशी उठून म्हणाला, "उद्या समाप्ती आहे ना? उद्या त्याला मारूनच टाका. माझ्या लेकाचं लग्न तोंडावर आलंय आणि रोज दिवे विझल्याचं काय ऐकायचं? उद्या तो मेला नाही, तर माझं तेल बंद आणि तुमची पोथीही बंद!"

खांबाशी एक बाई आपल्या लेकीला, बकुळीला, मांडीवर घेऊन बसलेली असे. बकुळी जन्मली त्याच दिवशी त्यांचं घर जळालं, म्हणून गाव त्या पोरीला पांढऱ्या पायाची म्हणे. शुभकार्यात तिला कुणी उंबरा ओलांडू देत नसे. ती आई तर शिष्याला रोज फाडून खाई. "अरे मेल्या, किती वणवण करवशील त्याची? चांगलं लिहायला हात झडले का तुझे?"

शिष्य रडकुंडीला आला. "गुरुजी, एक म्हणतो मारा, एक म्हणतो सोडवा. मी कुणाचं ऐकू?"

गुरुजी उठून मंडपाच्या पायरीवर उभे राहिले आणि घरी निघालेल्या एकेकाला म्हणू लागले, "हात दाखवा."

"का हो गुरुजी, भविष्य सांगता?"

"माझ्या हातावर धनरेषा नाही, आधीच सांगते!" एक म्हातारी म्हणाली आणि सगळे हसले. पण हात सगळ्यांनी दाखवले. शिष्याला काही उमगेना.

मंडप रिकामा झाल्यावर गुरुजींनी विचारलं, "काय पाहिलंस?"

"वाहवा करणाऱ्यांचे तळवे स्वच्छ होते. त्या बाईचा तळवा मात्र कुंकवाने लालभडक झाला होता. आणि... व्यापाऱ्याचाही."

गुरुजी म्हणाले, "बाळा, वाहवा करणाऱ्यांनी अक्षता सैल धरल्या होत्या. त्या दोघांनी मूठ आवळली होती. एकीची ममतेने, दुसऱ्याची भीतीने. तुझा राजपुत्र खरा वाटला तो त्या दोघांनाच. तोंड काय बोलतं त्यावर अध्याय लिहू नकोस, मूठ कशासाठी आवळली ते बघ. त्याला मारलंस तर व्यापाऱ्याची भीती खरी ठरेल. आणि ऋषी आणून सोडवलंस, तर त्या आईने आपल्या लेकीसाठी ऋषी कुठून आणायचा?"

दुसऱ्या दिवशी शिष्य पोथी उघडून वाचायला बसला. अध्यायात राक्षसाने राजधानीला आग लावली होती. विहिरी उपसून झाल्या, आग काही हटेना. तेवढ्यात राजपुत्र वेशीवर आला. रोज हाकलणारा द्वारपाल तिथेच रडत बसला होता. राजपुत्र म्हणाला, "बाजूला हो. आज मला आत येऊ दे." त्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, आणि साऱ्या नगराची आग दिव्यासारखी विझली!

अध्याय संपला तरी कुणी जागचं हलेना. मग ती आई उठली. तिने मूठ उघडली, पण अक्षता पोथीवर वाहिल्या नाहीत. त्या तिने बकुळीच्या डोक्यावर टाकल्या. तिच्या मागून ती म्हातारी आली, मग दुसरी, आणि बघता बघता पोर लाल अक्षतांनी माखून गेली.

सगळ्यांत शेवटी व्यापारी आला. त्यानेही मूठ मोकळी केली. "लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या आधी हिचं पाऊल माझ्या उंबऱ्यात पडू दे."

आई काही एवढ्यात विरघळणारी नव्हती. "आणि शेटजी, दिवा विझला तर?"

"विझू दे की! तेल माझंच आहे, पुन्हा लावू."

सारा मंडप टाळ्यांनी दणाणला. शिष्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी आपला लाल झालेला तळवा उपरण्याला पुसत होते.

आपल्या आसपास कुणा लेकराला अजून पांढऱ्या पायाचं म्हणत असतील, तर त्या घरी एवढी गोष्ट जरूर पोचवा. आणि त्यांनाही म्हणावं, पुढच्या घरी सांगा.