मोडक्या पंखाचे सोंग

एका उघड्या माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, माळावर घर करायचे म्हणजे जवळजवळ घर न करणेच. काडी नाही, कापूस नाही. खडकाळ जमिनीत पायाने जराशी खळगी उकरायची, तीत खड्यांच्याच रंगाची चार अंडी घालायची आणि हे खडेच आहेत अशी साऱ्या जगाची समजूत घालायची. जगाची समजूत पटत असे, कोल्ह्याची मात्र पटत नसे. उन्हे कलली की तो नाक जमिनीला लावून माळभर हिंडे. म्हणून टिटव्यांच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या एक विद्या चालत आली आहे. कोल्हा खळगीच्या वाटेला लागला की त्याच्यासमोर धपकन पडायचे, एक पंख मोडल्यासारखा फरफटवत, विव्हळत पुढे पुढे सरकायचे. आयती शिकार दिसल्यावर कोल्हा मागे येतोच. तो पुरेसा लांब गेला की भुर्रकन उडून परत यायचे.

आपली टिटवी या सोंगात भलतीच तरबेज होती. पहिल्या दिवशी तिने कोल्ह्याला पळसाच्या झाडापर्यंत नेले आणि ती सुखरूप परतली. खरे तर गोष्ट इथेच संपायची. पण त्या माळावर एक बाभूळ होती, आणि संध्याकाळी तिच्यावर होले, मैना आणि सर्वांत उंच फांदीवर कोतवाल पक्षी बसत. या कोतवालाला दुसऱ्याच्या कामावर शेरे मारण्याखेरीज दुसरे काम नव्हते. अशी मंडळी तुमच्याही शेजारी असतील. तो म्हणाला, "पळसापर्यंतच? ओढ्याकडच्या टिटवीनं काल कुत्र्याला पार वारुळापर्यंत नेलं होतं."

टिटवीला ते बोलणे कुसळासारखे टोचले. दुसऱ्या दिवशी तिने वारूळ गाठले. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठापर्यंत गेली, तेव्हा मैना म्हणाली, "बाई बाई, काय ते लंगडणं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं." झाले, टिटवी हरभऱ्याच्या झाडावर चढली. अंड्यांवर बसल्या बसल्या ती आता मान कुठे टाकावी, कुठे जरा जास्त विव्हळावे, याचाच विचार करू लागली.

तिच्या जोडीदाराला, टिटव्याला, हे काही बरे दिसेना. तो म्हणाला, "अगं, पळसापर्यंत पुरे होतं. तिथून त्याला खळगी दिसत नाही, वास लागत नाही. तू ओढ्यापर्यंत गेलीस की इथं मी एकटा पडतो."

"तुला यातलं काय कळतंय? उद्या मी ओढा ओलांडून दाखवते."

"उद्या अंडी फुटतील. कान लावून बघ, आतून चोची मारतायत. एकदा बाहेर आली की पिल्लं आपल्या पायांनी गवतात पळतील. एवढी एकच संध्याकाळ काढायची आहे."

"म्हणजे उद्याच शेवटची संधी," टिटवी म्हणाली. आपण काय बोललो, हे तिचे तिलाच कळले नाही.

चौथ्या दिवशी कोल्हा रोजच्यापेक्षा लवकर आला. तीन दिवसांचा उपाशी होता, त्याची बरगडी न्‌ बरगडी दिसत होती. खळगीत चारही अंड्यांना बारीक तडे गेले होते आणि आतून चिवचिव ऐकू येत होती. टिटवा दगडासारखा निश्चल बसला. टिटवी कोल्ह्यासमोर अशी पडली की बाभळीवर एकदम वाहवा सुरू झाली. आज तिला सगळे साधत होते. पळस मागे पडला. मागून पावले वाजत होती. वारूळ मागे पडले. तिचे डोळे बाभळीकडे होते, कारण या वळणावरून बाभूळ चांगली दिसे. मागची पावले केव्हा थांबली, तिच्या ध्यानात आले नाही. ओढ्याच्या कोरड्या वाळूतून ती पंख ओढत पलीकडे गेली, दिमाखाने उडाली आणि कोतवाल ओरडला, "ओलांडला, हिनं ओढा ओलांडला."

कोल्ह्याचे पडलेले तोंड बघायला ती वळली. मागे कोणीच नव्हते.

वाळूत फक्त तिच्याच पंखाची रेघ होती. तेव्हा कुठे तिला दुरून टिटव्याचा आक्रोश ऐकू आला. तो मघापासूनच येत होता, पण बाभळीवरच्या कौतुकात मिसळून गेला होता.

ती जिवाच्या आकांताने उडाली. वारुळापाशी कोल्ह्याची पावले उमटली होती आणि तिथूनच मागे फिरली होती. ती खळगीवर पोहोचली तेव्हा टिटवा कोल्ह्याच्या डोक्यावर झेपा घेत होता आणि कोल्हा त्याला मोजत नव्हता. एक अंडे फुटलेले होते. त्यातली चिवचिव थांबली होती.

कोल्हा जिभल्या चाटत म्हणाला, "कशाला आलात टिटवीबाई? तिकडं तुमचं छान चाललं होतं. एकदाही मागं वळून बघितलं नाहीत, तेव्हाच म्हटलं, आज बाईंना माझी गरज नाही."

कोल्ह्याचा पंजा दुसऱ्या अंड्यावर गेला होता. लांब पडून काही उपयोग नव्हता, सोंग तर त्याला पाठच झाले होते. ती सरळ त्याच्या जबड्यासमोर पडली. दात कचकन मिटले आणि तिचा पंख त्यांत सापडला. सारे बळ एकवटून तिने तो हिसडला. पिसे कोल्ह्याच्या तोंडात राहिली, खड्यांवर रक्त सांडले. रक्ताच्या वासाने उपाशी कोल्ह्याचे भान सुटले आणि तो अंडी सोडून तिच्यावर धावला. बारा पावलांवर बोरीची एक जाळी होती. बाभळीवरून ती दिसतही नसे. टिटवी तिच्यात शिरली. पाठोपाठ कोल्ह्याने तोंड खुपसले, नाकात काटे भरले आणि तो केकाटत मागे सरला. पण तो गेला नाही, जाळीबाहेर दबा धरून बसला.

तिकडे काय झाले, टिटवीला कळायला मार्ग नव्हता. पंख खरोखरच मोडला होता, पण वेदनेकडे तिचे लक्ष नव्हते. ती फक्त कान देऊन होती. 'इथंच बस रे बाबा,' ती कोल्ह्याकडे बघत मनात म्हणत होती, 'आणखी थोडा वेळ इथंच बस.' पार अंधार पडल्यावर कोल्हा कंटाळून उठला आणि खळगीकडे गेला. तिथे त्याला नुसती टरफले मिळाली.

पहाटे गवतातून टिटव्याने साद घातली. टिटवी फरफटत गेली. तिने पिल्ले मोजली, पुन्हा मोजली. तीन होती. चौथ्यासाठी ती ऊर फुटेपर्यंत रडली.

दोन दिवसांनी मैना चौकशीला आली. "अगं, ओढा ओलांडलास ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण नंतर कोल्ह्याला पुन्हा नेलंस म्हणे. कुठपर्यंत नेलंस?"

"बोरीपर्यंत," टिटवी म्हणाली.

"ती बोर? ती तर इथंच बारा पावलांवर आहे. एवढंच?"

"तेवढंच लागत होतं."

असे म्हणून तिने धडका पंख उचलला. तीन पिल्ले त्याच्याखाली शिरली आणि तिने चौथ्यापुरती जागा तशीच राहू दिली.

तात्पर्य : आपण कशासाठी निघालो हे ज्याला ठाऊक असते, त्याला कुठे थांबायचे हेही कळते, बघणाऱ्यांच्या मापाने धावणारा पुष्कळ लांब जातो, पण जे राखायचे तेच मागे उघडे टाकून जातो.