रुसव्याचा रांजण

गाडी थांबवलीत ना, मग आधी पाणी प्या. बोगद्याच्या तोंडाशी ठेवलेला हा रांजण कधी रिकामा राहत नाही. डोंगरापलीकडून आलेल्या माणसाला इथं पाणी दिल्याशिवाय काही विचारायचं नाही, अशी रीत आहे. ती ठकूबाईपासूनची, असं सांगतात.

ठकूबाई पलीकडे दिलेली. तिचा थोरला भाऊ गोंदाबा इथला. ऐन पावसात त्यांची आई गेली. घाटात दरड कोसळलेली. ठकू लांबचा वळसा घालून पोचली, तोवर चिता विझली होती. "आईचं तोंडसुद्धा दिसू दिलं नाहीस रे दादा!" म्हणून तिनं टाहो फोडला. गोंदाबाही दुःखानं पिसाटलेला, बोलून गेला, "डोंगर आडवा आला, त्याला मी काय करू?" झालं! ठकूनं हातातला भरला तांब्या पालथा केला. "मग हा डोंगर वाट देईल तेव्हाच तुझ्या घरचं पाणी पिईन." आली तशी निघून गेली बाई.

पुढं गोंदाबा तिच्या घरी जाई. ती आवडीचं करून वाढी, पण माहेरी चल म्हटलं की उठून चुलीपाशी जाई. दर भाऊबीजेला हा घरी पाट मांडून वाट बघे आणि दिवेलागणीला उचलून ठेवी. मरायच्या आत बहीण घरचं पाणी पिईल का, एवढाच त्याला घोर.

मग यंत्रं आली. डोंगराच्या पोटातून रस्ता नेणार म्हणे! लोक हसले, गोंदाबा नाही हसला. त्यानं इथं रांजण मांडला, घरच्या आडाचं पाणी आणून कामगारांना पाजू लागला. मध्येच कातळ असा लागला की यंत्रंही थकली. तेव्हा म्हातारा डोंगराच्या पाया पडला. "बाबा, माझ्या चुकीचं खापर तुझ्यावर फोडलं. आता तेवढी वाट दे." दुसऱ्याच दिवशी कातळ फुटला, म्हणे.

रस्ता सुरू झाला, त्या दिवशी पहिल्याच गाडीतून ठकू काठी टेकत उतरली. दोघांचेही केस पांढरेशुभ्र. गोंदाबा काही विचारणार, तोच ती म्हणाली, "काही विचारू नकोस दादा. आधी पाणी दे."

घटाघटा प्यायली. "आईच्या आडाचंच ना रे?" म्हणाली, आणि उरलेला तांब्या त्याच्या ओठांना लावला.

आजही रुसलेली माणसं इथं एका तांब्यातून पाणी पितात. मी गोंदाबाची नातसून, रांजण आता मी भरते. आणि गाडीतून उतरल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलला नाहीत, ते काय मला दिसत नाही? म्हणून तर एकच तांब्या दिलाय. घ्या, ताई. अर्धं त्यांना ठेवा.