भडंगवाल्याचा लेहरा

माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहतील, शब्दही घरगुतीच येतील. वाचणाऱ्यांनी तेवढं पोटात घालावं. गोष्ट मात्र मनात मावेना, म्हणून लिहायचं धाडस करतो.

एकदा एक वृद्ध तबलागुरू नदीकाठच्या गावात विद्यादान करीत असत. त्यांच्यापाशी दिगंबर नावाचा एक बुजरा शिष्य होता. चार लोकांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. तबला शिकायला आलेल्या या मुलाला गुरुजींनी चार वर्षं बहुतेक पेटीवरच बसवलं होतं, लेहरा धरायला. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एक लहानशी ओळ. तबला वाजतो तोवर पेटीवाल्याने तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची. तिची पहिली मात्रा ती सम. तबलजी कुठेही हिंडून आला, तरी समेवर त्याची नि पेटीची भेट व्हायला हवी. दिगंबरला हे काम घाण्याच्या बैलासारखं वाटे. बोटं पेटीवर आणि डोळे खिडकीबाहेर.

एका रविवारी गावातला भडंगाचा मोठा व्यापारी बायको-मुलीला घेऊन आला. मुलगी शर्वरी, नऊ वर्षांची. आली ती उंबऱ्यावर बोटांनी ताल धरत, खांबाला गिरकी घेऊन थेट अंगणात. वजन वयाच्या मानाने फार वाढलं होतं. अंगणाच्या चार पायऱ्या चढताना तिला धाप लागली, पण थांबली नाही.

व्यापाऱ्याने गाऱ्हाणं मांडलं. पोरगी एका जागी टिकत नाही, सांगितलेलं अर्ध्यात विसरते, आणि दिवसभर तोंड चालू. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की हा खोडकरपणा नव्हे, तिच्या लक्षाची घडणच तशी आहे. ते आणि वजन, दोन्हींचं एकत्र पाहू. मात्र दर सोमवारी यायचं ते आई-वडिलांनी. शिकायचंही त्यांनीच. व्यापारी तिथून उठून आला होता.

"दुखणं पोरीला आणि शाळा आम्हाला? असं असतं होय गुरुजी?" तो म्हणाला. मग खिशातून त्याने एक घडी केलेला कागद काढला. डोंगरावरच्या एका वसतिशाळेचा अर्ज होता. महिनाभरात मुलगी तबल्यापुढे बसायला शिकली तर ठीक, नाहीतर तिला तिकडे धाडायचं त्याने ठरवलं होतं. त्याची बायको पदराचं टोक पिळत जमिनीकडे पाहत राहिली.

गुरुजी म्हणाले, "पोरगी खेळू दे. पेटीपुढे तुम्ही बसा, शेट. तुम्ही दमलात की वहिनी बसतील. दिगू, यांना लेहरा शिकव."

व्यापारी कुरकुरत पेटीपुढे बसला आणि दिगंबर मनातून चिडला. भडंग चाळणारी ती जाड बोटं पट्ट्यांवर ठेवून देता देता त्याचे तीन रविवार गेले. शर्वरीला गुरुजी एक अक्षर बोलले नाहीत. तबला-डग्ग्याची एक छोटी जोडी मात्र त्यांनी मांडून ठेवली होती. मुलगी येई, दोन थापा मारी आणि पळे. ती पळाली की बाप पेटी सोडून ओरडे आणि आई पिशवीतून डबा काढी. त्या घरची रीतच तशी होती. पोर गप्प बसावी म्हणून भडंगाची वाटी, रुसली म्हणून वाटी, पाहुण्यांत मिरवली म्हणून वाटी. घरात पाच खोल्या आणि सात डबे.

चौथा रविवार उजाडला. अर्ज भरायला एकच दिवस उरला होता. बापाने लेहरा सुरू केला. शर्वरी जोडीपाशी बसली आणि, कधी ऐकून पाठ केला कोण जाणे, तिने तीनतालाचा ठेका धरला. दिगंबर सरसावून बसला. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात अंगणात खार दिसली आणि मुलगी उठून पळाली.

बापाचा हात पेटीवरून उचलला जाणार, तोच गुरुजी शांतपणे म्हणाले, "ओळ सोडू नका."

आईचा हात पिशवीत गेला होता. गुरुजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो हात रिकामाच बाहेर आला.

तबल्यापुढे कुणी नव्हतं आणि पेटी वाजत होती. बापाच्या कपाळावर घाम आला होता. मुलगी चिंचेभोवती फिरली, तिने हौदात हात बुडवला, ती दिसेनाशी झाली. बापाची लय चढू लागली. "शेट, ती पळाली, तुम्ही नका पळू," गुरुजी म्हणाले. लय पुन्हा खाली आली. बोटं दुखू लागली तशी आईने बाजूला बसून तीच ओळ उचलली. मध्ये एक मात्राही गळली नाही. दिगंबरला आता ऐकू येत होतं: अंगणात कुठेतरी बोटं वाजत होती. आधी बादलीवर, मग खांबावर, मग अगदी जवळ. आणि ओळ फिरून पहिल्या मात्रेवर आली त्याच क्षणी, धापा टाकत आलेल्या शर्वरीने दाराच्या चौकटीवर दणदणीत थाप दिली.

सम.

"वा," गुरुजी म्हणाले. मग बापाकडे वळले, "तुम्हीही म्हणा. आत्ताच्या आत्ता. संध्याकाळी म्हटलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही."

"वा, शरू," व्यापारी म्हणाला. मुलगी बापाच्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग कुणी न बोलावता जोडीपाशी येऊन बसली.

गुरुजी हळू आवाजात बोलू लागले. "शेट, हिचा तबला चंचल आहे. तो देवाघरून तसाच आला, त्यात तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही. पण ती पळाली की तुम्ही मागे पळत होता. ती चढली की तुम्ही चढत होता. बाकी उरलेलं वाटी भागवत होती. पेटीवालाच तबल्यामागे धावला तर पोरीने परत यायचं कुठे? जेवणाची ठरलेली वेळ, सगळ्यांना सारखं ताट, एका वेळी एकच सांगणं, सांजेला तिघांनी पायी घाटापर्यंत जाणं, आणि जमलं की लगेच वा. हा तुमच्या घरचा लेहरा. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बोलावलं ते हे शिकवायला. तबला तर हिच्याजवळ आहेच. पण ती अजून पुष्कळदा पळेल बरं का."

"आणि आम्ही?" आईने विचारलं. इतक्या रविवारांत ती पहिल्यांदा बोलली.

"तुम्ही ओळ सोडायची नाही."

व्यापाऱ्याने पेटीचा भाता मिटून ठेवला. मग बायकोला म्हणाला, "उद्या सोमवार ना? बाई किती वाजता बोलावतात?" तिने वेळ सांगितली. त्याने खिशातला अर्ज काढला, त्याची आणखी एक घडी केली आणि पेटीचा एक पाय डुगडुगत होता त्याखाली सारली. निघताना बायकोच्या हातातली डब्याची पिशवी त्याने स्वतः घेतली आणि म्हणाला, "घरचे सातही डबे आता दुकानात." तिघं पायी गेली. शर्वरी पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे; आई-बाप एका चालीने मधोमध.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे इतर शिष्यांबरोबर एक निवृत्त पोस्टमास्तर शिकायला आले. साठीत तबल्याची हौस धरलेल्या या गृहस्थांना दोन वर्षांत सम कधी सापडली नव्हती. दिगंबरने खिडकी लोटून घेतली, पेटी त्यांच्या समोर ओढली आणि त्यांच्या हातांकडे पाहत ओळ सुरू केली. ते चुकले, थांबले, पुन्हा चुकले. ओळ थांबली नाही. अकराव्या फेरीला त्यांची थाप नेमकी समेवर पडली, आणि चार लोकांत कधी न बोलणारा दिगंबर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वा, काका."