उंडीचा आवाज

“चोरट्यांनो, खायचं तर इथंच खा! फळं तोंडात धरून पळता कुठं? आजपासून माझ्या फांदीला लटकायचं नाही!” फार पूर्वी एका बेटावरची म्हातारी उंडी वटवाघळांवर एके दिवशी अशी ओरडली. लटकायला दुसरं मोठं झाड नव्हतं. पिल्लं आयांना बिलगली.

“ओरड बाई, आणखी ओरड,” वटवाघळांची आजी म्हणाली.

“चालते व्हा!”

वारा पडला. खाडीपल्याडच्या काळ्या कड्यावरून उंडीच्याच, पण कोवळ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “चालते व्हा!” मग आणखी कुणी. मग कितीतरी.

उंडीचं पान न् पान थरथरलं. “माझ्या आवाजात कोण बोलतंय गं?”

आजी म्हणाली, “तुझीच पोरं! तुझ्या सावलीत पडली ती कुजली, आम्ही पळवून नेली ती तिथं रुजली नि बोलायला लागली.”