जांभळीच्या पाठीवरचे राखणदार

त्या प्रदेशात गोचिडांना ऐकू येत असे.

नुसते ऐकू येत नसे, तर ऐकलेले त्यांच्या पोटात साठत असे. म्हशीच्या कानामागे बसलेला गोचीड रक्त थोडे आणि बोलणे फार पीत असे. पोट टच्च भरले की तो पाणवठ्यावर गळून पडे, पाणी प्यायला आलेल्या लांडग्याच्या अंगावर चढे, त्याच्या कानात सगळे रिते करी आणि हलका होऊन परत येई. मग लांडग्यांना कळे, की कुणाचा पाय लंगडतो, कोण कुणावर रुसून कळपाच्या मागे राहते. एका गोचिडाने म्हणे अख्ख्या कळपाच्या घोरण्याचा क्रम लांडग्यांना सांगितला होता. खोटे वाटत असेल तर वाटू द्यावे. पण त्यानंतर सर्वांत शेवटी घोरणारी म्हैस कुणी पाहिली नाही.

हे सर्वांना ठाऊक होते. तरी नदीकाठच्या लुसलुशीत गवतात शिरायचे कुणी सोडले नव्हते. ते गवत कुणाच्याच मालकीचे नव्हते, तिथे कुणी हटकत नसे, आणि त्याच्या प्रत्येक पात्याच्या टोकाला एक गोचीड पुढचे पाय पसरून उभा असे, जणू पाहुण्यांच्या स्वागताला. "फुकट आहे ना?" म्हशी म्हणत, "मग थोडी खाज आलीच."

जांभळी ही त्यांतलीच एक. पिकल्या जांभळासारख्या काळ्या तुकतुकीत रंगामुळे तिला ते नाव पडले होते. तिची लेक दोन महिन्यांची. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. टिकलीला अजून कळपाबरोबर दिवसभर चालवत नसे. त्यामुळे चरायला जाताना जांभळी तिला कुठेतरी लपवून, शेजारणींना जागा सांगून जाई. पहिल्यांदा करवंदीच्या जाळीत लपवले, तर दुसऱ्या दिवशी लांडगे थेट त्या जाळीपाशी. मग कोरड्या ओहोळात लपवले, तर लांडगे ओहोळात. दोन्ही वेळा जांभळी शिंगे रोखून वेळेवर पोचली. पण दुसऱ्या खेपेला टिकलीच्या शेपटीचा गोंडा लांडग्याच्या तोंडात राहिला. तिसऱ्या खेपेला काय राहील, हे जांभळीला कुणी सांगायला नको होते.

प्रत्येक घरात एक तरी दीर असा असतो, ज्याला सगळ्यातले कळते. जांभळीच्या दिराचे नाव वाकडशिंग. तिने त्याच्यापाशी जाऊन सगळे सांगितले. त्याने रवंथ पूर्ण होईपर्यंत डोळे मिटून ऐकले.

"वहिनी, पहिली गोष्ट म्हणजे घाबरायचं नाही," तो म्हणाला. "गोचीड टिपणारे राखणदार पक्षी हल्ली पुष्कळ झालेत. पण दिसला पक्षी की घेतला पाठीवर, असं करायचं नाही. आधी तुलना."

"भावोजी, तुमची तुलना होईपर्यंत माझी पोर राहील का?"

"न पारखता ठेवलेला राखणदार आणि न हुंगता खाल्लेला धोतरा, दोन्ही सारखेच," वाकडशिंग म्हणाला, आणि त्याने पळसाच्या सालीवर शिंगाने रकाने पाडायला घेतले. पहिला रकाना चोचीचा, दुसरा चिकाटीचा, तिसरा आवाजाचा, आणि चौथा पाठीवर शिटण्याच्या सवयीचा. प्रत्येक पक्षी चार-चार दिवस वापरून पाहायचा असे ठरले.

राखणदार पाठीवर घेण्याची तिथे एक जुनी रीत होती. त्याला गाऱ्हाणे घालावे लागे. काय राखायचे, ते कुठे ठेवले आहे आणि कुणापासून राखायचे, हे तिन्ही खणखणीत आवाजात सांगायचे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी "होय महाराजा" म्हणायचे. त्याशिवाय कोणताही पक्षी पाठीला पाय लावत नसे. गाऱ्हाण्यात काही लपवले तर राखणीला गुण येत नाही, अशी समजूत होती. ती कुणी पसरवली, हे कुणी विचारले नव्हते.

पहिली आली साळुंकी. जांभळीने गाऱ्हाणे घातले, "माझी टिकली बांबूच्या बेटात, उत्तरेच्या अंगाला ठेवली आहे, तिला लांडग्यांपासून राख." कळप म्हणाला, "होय महाराजा." साळुंकी पाठीवर उतरली, एका श्वासात शेपटीपासून शिंगापर्यंत धावली आणि किंचाळली, "तीनशे बारा! अगं बाई, तीनशे बारा! तू अजून उभी कशी आहेस?"

जांभळी मान वळवून स्वतःची पाठ पाहू लागली. तिला काय ठाऊक, की त्या तीनशे बारांत चिखलाचे शिंतोडे होते, दोन चामखिळी होत्या आणि तिचा स्वतःचा डावा डोळा दोनदा होता.

"मग काढ ना गं," ती म्हणाली.

"काढणं?" साळुंकीने मान वाकडी केली. "मी मोजते. काढायचं काम माझ्या थोरल्या बहिणीचं. ती डोंगरापलीकडे असते. तिला वेगळं गाऱ्हाणं घालावं लागेल."

"अन् तोवर?"

"तोवर मी पुन्हा मोजते."

दुसऱ्या दिवशी लांडगे बांबूच्या बेटात आले, उत्तरेच्या अंगाने. जांभळी धावली, दोघांना शिंगावर घेतले, टिकलीला घेऊन परतली. पाठीवर साळुंकी घोषणा करीतच होती, "तीनशे सव्वीस!"

वाकडशिंगाने आवाजाच्या रकान्यात पूर्ण गुण दिले.

दुसरा आला गायबगळा. पांढराशुभ्र, इस्त्री केल्यासारखा, एक पाय वर घेऊन उभा राहणारा. त्याच्यासाठी पुन्हा गाऱ्हाणे झाले, या खेपेला टिकली टेकडीमागच्या घळीत होती, आणि पुन्हा "होय महाराजा" झाले. बगळा कमालीचा सावध निघाला. जांभळीने गवताला तोंड लावले की तो विचारी, "हा घास ओळखीचा आहे का?" तिने शेपटी उडवली की विचारी, "शेपटी हलली. आपणच हलवलीत ना?" ती होय म्हणेपर्यंत तो पुढचा घास घेऊ देत नसे. पहिल्या दिवशी जांभळीने प्रत्येक वेळी नीट विचार करून उत्तर दिले. दुसऱ्या दिवसापासून ती काहीही न ऐकता "होय, होय, होय" म्हणू लागली. त्या होयहोयच्या ओघात बगळ्याने एकदा विचारले, "कानामागे एक फुगलेला गोचीड आहे, राहू द्यायचा ना?"

"अहो, विचारता काय? दिसला तर उचला!" "होय" म्हणून गेल्यावर भानावर येत जांभळी वैतागून ओरडली.

"हलणारं उचलतो," बगळा शांतपणे म्हणाला. "गोचीड हलत नाहीत. ही आमची नव्हे, त्यांची उणीव आहे."

त्याच दिवशी लांडगे घळीत आले. टिकली वाचली, पण तिच्या मागच्या पायाला दाताची खूण राहिली. जांभळीने ती खूण चाटली आणि तशीच पळसाखाली गेली.

"भावोजी, मी जागा सांगते आणि ते येतात. मी सांगते आणि ते येतात!"

"योगायोग," वाकडशिंग म्हणाला. "आणि वहिनी, एकेकटा पक्षी कमी पडतो, असं माझं निरीक्षण आहे. दोघांना एकदम बसवून पाहू."

दोघांना एकदम बसवले. साळुंकीने बगळ्याकडे पाहिले आणि ती आजवर ओरडली नव्हती अशी ओरडली, "गोचीड! पांढरा! माझ्याहून मोठा! याला लांब चोच आहे!" बगळा म्हणाला, "पाठीवर काहीतरी हलते आहे," आणि त्याने साळुंकीची शेपटी धरली. मग त्या पाठीवर जे रण माजले, त्याचे वर्णन करण्याची सोय नाही. एवढेच सांगता येईल, की पाणवठ्यावर जायला जांभळीला एरवी जेवढा वेळ लागे, तेवढ्यात त्या दिवशी तिचा फक्त पुढचा डावा पाय उचलला गेला. खाली कधी टेकला, त्याबद्दल दोन मते आहेत.

वाकडशिंगाने पळसाला प्रदक्षिणा घातली. पुढची साल संपली होती म्हणून मागच्या बाजूला नवे रकाने पाडले.

"पुरे!" जांभळी म्हणाली. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. "तुमचं झाड भरलं, भावोजी, माझी पोर सरत आली. एक काय तो सांगा, आणि शेवटचा सांगा."

तेव्हा त्याने कोतवालाचे नाव घेतले.

कोतवाल हा काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. आकाराने मुठीएवढा, पण ससाण्याच्या अंगावर जाणारा. त्याच्याबद्दल खरे तेच सांगितले पाहिजे: तो उत्तम होता. त्याने फुशारकी मारली नाही, परवानगी मागितली नाही, आणि गाऱ्हाणे घालण्याआधीच, पाठीला पाय न लावता, उडता उडताच, नुसती चुणूक म्हणून, अर्ध्या दिवसात जांभळीच्या अंगावरचा शेवटचा गोचीड उचलला. कानामागचे, शेपटीखालचे, खुरांच्या बेचक्यातले, सगळे. मग त्याने तसेच टिकलीला साफ केले. जांभळीच्या कानामागे एकदम शांत झाले. इतके शांत, की तिला स्वतःचा श्वास कुणा दुसऱ्याचा वाटून ती दचकली.

"बघा," वाकडशिंग म्हणाला, "तुलनेचं फळ!" आणि त्याने सगळ्या रकान्यांत पूर्ण गुण कोरले.

आता ऐकायला कुणीच उरले नव्हते. जांभळीने निर्धास्तपणे गाऱ्हाणे घातले. नदीच्या वळणावरच्या उंबराच्या मुळांमध्ये एक खोल खबदाड होती, तोंडावर वेली लोंबत होत्या. टिकली तिथे ठेवली होती. "होय महाराजा," कळप म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा जांभळी पोटभर चरली. बरोबर तिसऱ्या प्रहरी कोतवाल तिच्या पाठीवरून उडाला, सर्वांत उंच सावरीच्या शेंड्यावर बसला, आणि चारी दिशांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने आपला अहवाल दिला:

"ऐका हो! नदीच्या वळणावरच्या उंबराच्या मुळांमधल्या, वेलींनी झाकलेल्या खबदाडीत ठेवलेल्या टिकलीच्या अंगावर एकही गोचीड नाही! सर्व सुरक्षित आहे!"

जांभळीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"अहो, हळू!"

"हळू?" कोतवाल दुखावला. "हळू सांगितलं तर मी काम करतोय हे कळणार कसं?"

"मला कळलं! सगळं कळलं! आता हे सांगणं बंद करा."

"बंद करता येतं की," तो म्हणाला. "फक्त बंद केलं की 'नदीच्या वळणावरच्या उंबराच्या खबदाडीतल्या टिकलीची राखण बंद आहे हो', असं दर घटकेला सांगावं लागतं. रीतच आहे."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात हो?"

"तुमच्या!" कोतवाल म्हणाला, आणि ते अगदी मनापासून होते. त्यात त्याचा काडीचा खोटेपणा नव्हता. हीच तर पंचाईत होती. तो पुन्हा शेंड्याकडे वळला आणि छाती फुगवून त्याने तोच अहवाल दुसऱ्यांदा दिला.

पलीकडच्या काठावर गवत हलले.

जांभळी धावत सुटली. पळसापाशी वाकडशिंग रकाने पाहत उभा होता. "वहिनी, गुणांत तोच पहिला आहे!" तो ओरडला. "अहो, निघालात कुठे? जागा सांगून जा, मी नोंदवून ठेवतो!"

आयुष्यात पहिल्यांदा जांभळीने कुणाला काही सांगितले नाही. तिने उंबराखालून टिकलीला डोक्याने ढकलत बाहेर काढले आणि माळाच्या उतारावरच्या चिखलाच्या डबक्यात तिला लोटले. मागोमाग स्वतः उतरली. सगळ्या राखणदारांचे एका बाबतीत एकमत होते: चिखलात बसायचे नाही. चिखल लागलेली पाठ त्यांना राखता येत नाही. जांभळी बसली. चिखल पोटावर आला, पाठीवर आला, कानांवरून गेला. टिकलीने फुरफुरायला नाक वर केले, तेव्हा जांभळीने हनुवटीने ते हळूच खाली दाबले. थोड्या वेळाने त्या काळ्या, जाड साईवर दोन मोठ्या आणि दोन लहान नाकपुड्यांखेरीज काही उरले नाही.

लांडगे उंबरापाशी आले. खबदाडीत पाहिले, हुंगले. जागा ऊबदार होती, आणि रिकामी.

सावरीवरून उंबरावर आलेला कोतवाल वर कासावीस झाला होता. इतक्या वर्षांच्या राखणीत त्याने एकही जीव हरवू दिला नव्हता. "टिकली खबदाडीत नाही हो!" तो ओरडला. "आईही कळपात नाही! शोध चालू आहे! कुणी काळजी करू नये!"

लांडग्यांनी वर पाहिले. मग त्यांतला म्हातारा लांडगा उंबराखाली निवांत बसला; त्याच्यामागे बाकीचेही बसले. कुणी गुरगुरले नाही, कुणी शोधायला गेले नाही. कोतवाल उंबरावरून बोरीवर गेला, तेव्हा ते सगळे उठून बोरीखाली जाऊन बसले. बोरीवरून तो हिवरावर गेला, तेव्हा हिवराखाली. आणि शेवटी तो माळाच्या उतारावर, डबक्यावर ओणवलेल्या बाभळीच्या फांदीवर येऊन बसला, मान वाकवून खाली चिखलाकडे बारकाईने पाहू लागला. त्याच्या खाली लांडगे अर्धवर्तुळात बसले होते: पंजे जुळवलेले, माना वर केलेल्या, कान टवकारलेले.