गोजराबाईच्या खेळणीघरात राजा

सगळ्यांनी पाय पांघरुणात घेतले का? रेणू, तुझा अंगठा बाहेर आहे. घे आत. आणि आता मधेच कुणी पाणी मागायचं नाही. हां, तर ऐका.

एक होता राजा. फार मोठा नव्हता बरं का. सात गावांचा राजा, पण रुबाब सत्तर गावांचा! त्याच्या राज्यात होतं एक गाव, खुळखुळवाडी. तिथं गोजराबाई नावाची एक म्हातारी राहायची. तिला एक वेड होतं. लोक मोठे झाले की आपली खेळणी उकिरड्यावर टाकतात ना, ती ही उचलून आणायची. पुसायची, मोडकं जोडायची आणि गावच्या जुन्या धान्यकोठारात मांडून ठेवायची. लोक त्याला खेळणीघर म्हणायचे.

त्यात तीन फळ्या होत्या. वरची फळी पणज्यांची. तिथं लाकडाची ठकी बसलेली, डोळे पार पुसट झालेली. मधली फळी आज्यांची. तिथं सागरगोटे, चिंचोके आणि मातीचे बैल. एका बैलाला शिंगच नव्हतं. खालची फळी आयांची. तिथं भोवरे, बांगड्यांच्या काचा, चिंध्यांच्या बाहुल्या. आणि कोपऱ्यात एक काठीचा घोडा. कुठलं खेळणं कुणाचं ते गोजराबाईला तोंडपाठ. "हा भोवरा सखू शिंपिणीचा. मुलग्यांना रडवायची ती," असं सांगायची.

आता त्या घराची एक गंमत होती. तिथलं खेळणं मोठ्या माणसानं हातात घेतलं, की ते माणूस लहान व्हायचं. खरंखुरं लहान! मुलांना काही व्हायचं नाही, ती बिचारी आधीच लहान. गोजराबाईलाही नाही, ती म्हणे मनानं कधी मोठी झालीच नव्हती. मग मोठं कसं व्हायचं? तर दारातून कुणीतरी त्याच्या घरच्या नावानं हाक मारायची, "जेवायला ये रे!" की झालं. म्हणून गोजराबाई दारातच विचारून घ्यायची, "घरचं नाव काय?"

मग एकदा काय झालं, राजाला कुणीतरी हत्ती भेट दिला. हत्ती आला, पण त्याला ठेवायचं कुठं? राजा म्हणाला, "खुळखुळवाडीचं कोठार रिकामं करा. तिथं हत्तीखाना होईल." कोठाराच्या दारातून हत्ती आत कसा जाणार, हे कुणी विचारलं नाही. राजाला कोण विचारणार? हुकूम निघाला, त्यावर शिक्का बसला. हुकूम गोजराबाईच्या कानावर आला. तीन पिढ्यांची खेळणी घेऊन या वयात ती कुठं जाणार होती?

मग कोठार रिकामं करायला आले प्रधानजी. पोट पुढे, प्रधानजी मागे. गोजराबाईनं विचारलं, "घरचं नाव काय?"

प्रधानजी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ढेकळ्या."

मग त्यांनी सामान बाहेर काढायला म्हणून पहिला भोवरा उचलला, आणि झाले की हो सात वर्षांचे! पागोटं नाकावर आलं. धोतर सावरत, एका हातानं भोवरा फिरवत दुपारपर्यंत खेळले. मग गोजराबाईनं हाक मारली, "ढेकळ्या, जेवायला ये रे!" तसे पुन्हा मोठे झाले, आणि हुकूम विसरून गाणं गुणगुणत घरी गेले.

राजा चिडला. त्यानं सेनापतींना पाठवलं. या एवढ्या मिशा! गोजराबाईनं विचारलं, "घरचं नाव?" सेनापती लाजले. "छबू," म्हणाले. "आईला मुलगी हवी होती हो." त्यांनी थेट ठकीच उचलली. दिवसभर तिला मांडीवर घेऊन थोपटत बसले. सहा वर्षांचं पोर, कमरेला तलवार, आणि तोंडानं अंगाई! हाक मारली तेव्हा मोठे झाले, पण ठकी सोडवेना. डोळे पुसतच परत गेले.

हसू नका रे, तो राजा भयंकर रागावला होता. म्हणाला, "आता आम्हीच जातो. उद्या सकाळी हत्ती आत गेलाच पाहिजे!"

मग आली राजाची स्वारी. गोजराबाईनं हात जोडले. "महाराज, घरचं नाव काय?"

राजा म्हणाला, "आम्हांला घरचं नाव नाही. आम्ही राजवाड्यात राहतो."

"मग कशालाही हात लावू नका. तुम्हांला परत बोलवायचं कसं?"

आता तुम्हीच सांगा, 'हात लावू नको' म्हटल्यावर तुम्ही ऐकता का? नाही ना? मग तो तर राजा. त्यानं रागारागानं काठीचा घोडा उचलला, आणि झाला पाच वर्षांचा! मुकुट घसरून गळ्यात आला. शिक्क्याची अंगठी बोटातून गळून पडली. राजा घोड्यावर बसला आणि टबडक टबडक निघाला. त्याच्या पागेत शंभर खरे घोडे होते, पण लगाम धरायला दरवेळी चार मोतद्दार. एकट्यानं पळवलेला हा पहिलाच घोडा! बाहेर गावची पोरं शर्यतीला उभी होती. राजा सगळ्यांच्या पुढे घुसला.

"ए, रांगेत उभा राहा," पाटलांची भागी म्हणाली.

"आम्ही राजे आहोत!"

"आणि मी भागी आहे. मागे हो."

राजा मुकाट्यानं मागे झाला. असं त्याला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फार आवडलं.

ऊन कलायला लागलं तरी राजा खेळतोच आहे. गोजराबाई दारात आली. राजाच लहान राहिला तर हुकूम मागे कोण घेणार? सकाळी हत्ती यायचा, आणि पणज्यांच्या खेळण्यांवर पाय ठेवायचा. तिनं हाक मारली, "महाराज, जेवायला चला!" राजानं ढुंकून पाहिलं नाही. प्रधानजींनी राजाच्या बावीस पदव्या एका दमात म्हणून दाखवल्या. त्यांना धाप लागली, राजाला हसू आलं. सेनापतींनी नगारा वाजवला. राजाला वाटलं शर्यतच सुरू झाली. तो आणखी जोरात पळाला.

शेवटी राजमातेला बोलावणं गेलं. पालखी आली. राजमाता उतरल्या. वय पंचाहत्तर, पण पाठ अशी ताठ! "महाराज, थांबावं," त्या म्हणाल्या. महाराज कसले थांबतात!

गोजराबाई पुढे झाली. "बाईसाहेब, बारशाच्या आधी तुम्ही यांना काय म्हणत होता?"

आता बघा, बारसं होतं बाराव्या दिवशी. तोवर बाळाला नाव नसतं. पण अकरा दिवस बाळाशी न बोलता राहील अशी आई कुठं असते का? राजाचे वडील आधीच देवाघरी गेलेले. त्यामुळे बाराव्या दिवशी आत्यानं पाळण्यात कानात कुर्र केलं, आणि लगेच पाळण्यातल्या पाळण्यातच राज्याभिषेक झाला. त्या दिवसापासून आईनंसुद्धा त्याला 'महाराज'च म्हणायचं, अशी राजवाड्याची रीत. पंचावन्न वर्षं ती रीत पाळली त्या माउलीनं. कसं काढलं असेल हो!

राजमाता खाली बघून म्हणाल्या, "म्हणत होते काहीतरी. चारचौघांत सांगण्यासारखं नाही."

"माझ्या कानात सांगा. मी हाक मारते."

"नको," राजमाता म्हणाल्या. "माझं पोर आहे. मीच मारीन."

मग त्यांनी शालू खोचला, दारात उभ्या राहिल्या आणि साऱ्या दरबारासमोर ओरडल्या, "ए भोपळ्या! जेवायला ये रे!"

प्रधानजींना खोकला आला. सेनापती छपराकडे बघायला लागले. आणि घोडा थांबला! राजानं वळून पाहिलं, आणि तिथूनच ओरडला, "आई, एकच फेरी!"

जन्मभर 'मातोश्री, मातोश्री' म्हणणारा राजा, 'आई' म्हणाला. राजमातेच्या डोळ्यांना धार लागली. त्या उंबऱ्यावरच बसल्या. "बरं, एकच हं," म्हणाल्या. त्यानं तीन मारल्या. एकच म्हणून तीन मारायच्या, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं बरं का.

मग राजानं घोडा कोपऱ्यात ठेवला आणि आईकडे चालत आला. पावलागणिक वाढत आला. आईजवळ पोचला तेव्हा दाढी पांढरी, वय पंचावन्न, आणि गुडघे धुळीनं माखलेले.

आता जेवायला ये म्हटलं खरं, पण जेवायला होतं काय? राजवाड्याचे आचारी राहिले चार कोस लांब. गोजराबाईनं आपलीच भाकरी आणली, वर पिठलं. राजमातेनं घास केला. राजाला भरवायला दासी असायच्या, त्यामुळे आईनं त्याला कधी भरवलंच नव्हतं. पिठलं थोडं दाढीला लागलं. राजानं ते पुसलंसुद्धा नाही.

प्रधानजींनी घाबरत विचारलं, "महाराज, उद्या सकाळी हत्ती..."

राजा म्हणाला, "हत्तीचं उद्या बघू. प्रधानजी, आधी तो हुकूम फाडा. आणि आता मधे बोलू नका. आई भरवतेय."

हुकूम फाटला, खेळणीघर राहिलं. हत्तीला नदीकाठी मोठं छप्पर मिळालं, तो खूश झाला. गोजराबाई सुखात राहिली. राजा रोज आईच्या हातचं जेवायचा. सगळ्यांची पोटं भरली, सगळ्यांचे डोळे मिटले. आता तुमचेही मिटा. नाही रेणू, आणखी एक गोष्ट नाही. एकच म्हणून तीन ऐकता तुम्ही. झोपा.