भुऱ्याचा नमस्कार

“आता तरी निघू का, बाबा?”

विश्वंभरानं पुन्हा विचारलं. पोथ्या तोंडपाठ, आवाज खणखणीत. गावोगाव प्रवचनं करायला तो उतावीळ झाला होता. पण देवपुरीबाबांनी स्वतःच्या हातानं खांद्यावर झोळी घातल्याशिवाय दत्ताच्या त्या मठातून कोणी शिष्य बाहेर पडत नसे. आणि बाबा काही झोळीला हात लावत नव्हते.

“मी काय शिकवू शकतो, ते बघा तरी,” तो म्हणाला. “भुऱ्या... नमन.”

मठाचा कुत्रा ओट्यावरच्या पादुकांसमोर गेला. पुढचे पाय पसरून त्यानं डोकं जमिनीला टेकवलं.

“माझ्याजवळ राहून मुक्या जिवाला भाषा कळायला लागली, बाबा. माणसांना नाही कळणार?”

“कळतं खरं त्याला,” बाबा म्हणाले. “तुझ्याजवळ राहून आणखी काय काय शिकला?”

विश्वंभर आठवू लागला...

तेवढ्यात साळू मोळीविकी फाटकाशी आली. डोक्यावर लाकडं, पायांना चिखल. दुपारच्या प्रसादाला ती अधूनमधून यायची.

भुऱ्यानं तिला न्याहाळलं आणि तो गुरगुरला.

सकाळी मोटारीतून शेठजी आले, तेव्हा हाच भुऱ्या शेपूट हलवत फाटकापर्यंत धावला होता.

“गप रे. येऊ दे तिला,” विश्वंभर बसल्या जागेवरून खेकसला.

भुऱ्या आणखी जोरात गुरगुरला.

“हे कोणी शिकवलं याला?” विश्वंभरानं विचारलं.

बाबांनी त्याच्याकडेच बघितलं...

शेठजींसाठी सकाळी विश्वंभर स्वतः पायऱ्या उतरून धावला होता. भुऱ्या त्याच्या पायांतच घोटाळत होता. साळूसाठी मात्र तो आजवर कधी उठला नव्हता. हे आठवलं आणि त्याचे कान तापले. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो उठून फाटकाकडे गेला. साळू घाबरून मागे सरली. कुत्रा तर अजून ओट्यावरच होता.

“मावशी, द्या ती मोळी इकडे.”

मोळी त्यानं आपल्या डोक्यावर घेतली. सवय कुठली असायला, ती लगेच कलली. साळूनंच हात लावून सावरली.

“नीट धरा की, म्हाराज,” ती हसत म्हणाली.

भुऱ्या ओट्यावरून दोघांकडे बघत राहिला... मग खाली उतरला, साळूच्या पायांशी आला आणि पुढचे पाय पसरून त्यानं डोकं जमिनीला टेकवलं.

‘नमन’ कोणीच म्हटलं नव्हतं.

विश्वंभर मोळी उतरवून बाबांसमोर येऊन बसला.

“मी अजून तयार नाही, बाबा.”

बाबांनी खुंटीवरची झोळी काढली आणि त्याच्या खांद्यावर घातली.

“जा. पण भुऱ्याला बरोबर ने... प्रवचन तो करील.”